घरी बांधलेलं विमान तपासणीला आणताना

वार्षिक तपासणीची तारीख ठरवायला तुम्ही आमच्या वर्कशॉपला फोन केलात की आमचा पहिला प्रश्न इंजिनाबद्दल नसतो. "वह्या आहेत ना सगळ्या?" असं आम्ही विचारतो. बरेच मालक इथेच अडखळतात, म्हणून हे पत्रक.

कारखान्यातून आलेल्या विमानामागे एक कंपनी उभी असते. कितव्या तासाला काय बदलायचं याची पुस्तकं असतात, आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या विमानात काही निघालं की सूचनापत्र येतं. तुमचं विमान बांधलं तुम्ही. आराखडा एकच असला तरी दोन विमानं कधी सारखी निघत नाहीत. एकाने इंधनाची नळी डावीकडून नेलेली असते, दुसऱ्याने तोल साधायला बॅटरी शेपटीकडे सरकवलेली असते, तिसऱ्याने मिळाला तो पंप बसवलेला असतो. यात चूक काही नाही, पण ते कुठेतरी लिहिलेलं असलं पाहिजे. नाहीतर आमचा अर्धा दिवस कुठली वायर कुठे जाते हे शोधण्यात जातो, आणि त्याचं बिल तुम्हालाच येतं.

तेव्हा येताना हे आणा: आराखडे (तुम्ही केलेल्या खाडाखोडीसकट), विमानाचं, इंजिनाचं आणि प्रोपेलरचं लॉगबुक, वजन आणि तोलाचा शेवटचा तक्ता, आणि बांधणीच्या वेळचे फोटो. पत्रा किंवा कापड चढवण्याआधीचे फोटो असतील तर फारच उत्तम, कारण आता तिथे नजर पोचत नाही. इंजिन आणि प्रोपेलरच्या उत्पादकांची सूचनापत्रं मात्र तुमच्या विमानालाही लागू पडतात, तीही काढून ठेवा. शिवाय एका साध्या कागदावर तुमच्या तक्रारी लिहा. "हल्ली उजवा पाय दाबून धरावा लागतो", "चढताना तिसऱ्या सिलिंडरचं तापमान वाढतं", असं काहीही चालेल. "सगळं ठीक आहे" या वाक्याचा आम्हाला काडीचा उपयोग नाही.

विमान दुसऱ्याकडून विकत घेतलेलं असेल तर आधी तुमच्याकडचा नियम वाचा. वार्षिक तपासणीवर सही कोणाची चालते हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत मूळ बांधणाऱ्याला आपल्या विमानापुरता तपासणीचा परवाना मिळू शकतो, पण विमान विकलं की तो नव्या मालकाकडे जात नाही.

दोन तपासण्यांच्या मधलं वर्ष

आम्ही विमान वर्षातून एकदा पाहतो, तुम्ही दर उड्डाणाआधी. त्यामुळे बहुतेक बिघाड पहिल्यांदा तुमच्याच डोळ्यांपुढे येतात.

नट-बोल्टवर ओढलेली रंगाची बारीक रेघ ही आमची सगळ्यात लाडकी गोष्ट. नट हलला की रेघ तुटते, मग पाना लावून बघायची गरजच उरत नाही. तुमच्या विमानावर अशा रेघा नसतील तर या वेळी आम्ही ओढून देऊ. रेघ तुटलेली दिसली तर नट नुसता आवळून पुन्हा रंग फासू नका. तो का हलला हे आधी बघा. आणि आवळताना हाताच्या अंदाजावर जाऊ नका. ३/१६ इंची एएन-३ (विमानांसाठीच्या मानकाच्या) बोल्टवर लॉकनट असेल तर लागतात फक्त २० ते २५ इंच-पाउंड, म्हणजे सुमारे सव्वादोन ते पावणेतीन न्यूटन-मीटर. मोटारीवर हात बसलेला माणूस सवयीने याच्या दुप्पट आवळतो आणि बोल्ट ताणून ठेवतो. लॉकनट नुसता फिरवायला जो जोर लागतो तो या आकड्यात वर मिळवायचा, हेही पुष्कळ जण विसरतात. जिथे बोल्ट जोडाबरोबर फिरतो तिथे नायलॉनच्या लॉकनटावर विसंबू नका, तिथे खाचांचा नट आणि स्प्लिट पिनच हवी.

कंट्रोल केबलवरून (काठी-पायांपासून पंख-शेपटीकडे जाणाऱ्या तारांवरून) कापड फिरवा. उघडा हात फिरवू नका, कारण तुटलेली तार सुईसारखी बोटात शिरते. कापड अडकलं तिथे एखादी तार गेलेली आहे. पुलीवरून केबल वळते ती जागा विशेष बघा. केबल सरळ असताना तुटलेली तार आत दबून राहते, म्हणून आम्ही ती सैल करून वाकवूनही पाहतो.

काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडलंत की एक्झॉस्टच्या सांध्यांवर टॉर्च मारा. पांढुरकी किंवा राखाडी भुकटी दिसली तर तिथून वायू निसटतोय. केबिनचं हीटर एक्झॉस्टवरून हवा घेत असेल तर हीच फट तुम्हाला कार्बन मोनॉक्साइड पाजेल, आणि त्याला वास नसतो. एक विनंती: एक्झॉस्टवर पेन्सिलीने खुणा करू नका. पेन्सिलीतला कार्बन तापल्यावर धातूत उतरतो आणि पुढे बरोबर त्याच रेघेवर तडा जातो. तुम्ही प्रेमाने काढलेल्या बाणाच्या टोकाशी तडा सापडला की आम्हालाच वाईट वाटतं.

इंधनाचा नमुना दर उड्डाणाआधी काढालच. पंपावरचं पेट्रोल वापरत असाल तर त्यात इथेनॉल आहे का हे स्वतः तपासा. आखलेल्या नळीत १० मिलिलिटर पाणी घ्या, वर ९० मिलिलिटर पेट्रोल ओता, नीट हलवा आणि थांबा. खालची पाण्याची पातळी १०च्या वर चढलेली दिसली तर इथेनॉल आहे, कारण ते पेट्रोल सोडून पाण्यात मिसळतं. काही रबरी सील त्याने फुगतात, आणि फायबरच्या टाक्यांमधली काही जुनी रेझिनं मऊ पडतात. मऊ पडलेलं रेझिन पुढे कुठे जातं? गाळणीत, आणि तिथून कार्बोरेटरात.

इंजिन रोटॅक्स ९१२ असेल तर ऑइल पाहण्याआधी इग्निशन बंद आहे याची खात्री करून प्रोपेलर हाताने, नेहमीच्या दिशेनेच, सावकाश फिरवा. टाकीतून गुडगुड आवाज आला की इंजिनात साठलेलं ऑइल परत आलं असं समजा, मग ऑइलची मोजपट्टी पाहा. हे न करता पातळी कमी दिसली म्हणून वर ऑइल ओतणारे गिऱ्हाईक आमच्याकडे दर मोसमात एक तरी असतो.

ब्रेकमध्ये तेल घालायची वेळ आली तर डब्यावरचं नाव वाचा. विमानांच्या ब्रेकमध्ये सहसा लाल खनिज तेल असतं. मोटारीचं ब्रेक ऑइल निराळ्या जातीचं, ते गेलं की सील फुगून ब्रेक जाम होतात. पिटोच्या (वेग मोजणाऱ्या नळीच्या) भोकात आणि टाकीच्या व्हेंटमध्ये (हवा जायच्या वाटेत) कुंभारीण माशीने घर केलंय का हेही बघत चला. लाकडी प्रोपेलर असेल तर हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि बोल्ट ढिले पडतात, ऋतू पालटला की टॉर्क पुन्हा बघा.

विमान आमच्याकडे आल्यावर

आधी आम्ही विमान पुसत नाही. तुम्हीही धुऊन-पुसून आणू नका. ऑइलचा ओघळ, रिव्हेटच्या मागे हवेने ओढलेली काळी शेपटी, काउलिंगवर घासल्याची खूण, हे सगळं आम्हाला वाचायचं असतं. काळी शेपटी म्हणजे तो रिव्हेट आत हलतोय.

मग इंजिन गरम करतो. लायकमिंगसारख्या इंजिनावर मॅग्नेटो (ठिणगीची वीज देणारी दोन स्वतंत्र यंत्रं) एकेक करून बंद केले की इंजिनाचे फेरे उतरतात. मिनिटाला १७५ फेऱ्यांपर्यंतचा उतार आणि दोन्हींमध्ये ५०पर्यंतचा फरक चालतो. फेरे मुळीच उतरले नाहीत तर खूश होऊ नका. मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटलेली असू शकते, म्हणजे चावी बंद असतानाही प्रोपेलर हलवताच इंजिन सुरू होऊ शकतं.

गरम इंजिनावरच सिलिंडरची गळती मोजतो. ८० पीएसआय दाबाची हवा आत सोडायची आणि आत किती टिकते ते दुसऱ्या गेजवर पाहायचं. या वेळी एक माणूस प्रोपेलर घट्ट धरून उभा असतो आणि बाकीचे लांब. आकड्यापेक्षा आम्ही कान जास्त वापरतो. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरातून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. ऑइल फिल्टर कटरने कापून, कागदाच्या घड्या पिळून, उलगडून पाहतो. करवत वापरली तर करवतीचाच कीस कागदावर पडतो आणि उगाच धसका बसतो. कागदावर चमक दिसली तर लोहचुंबक फिरवतो. चिकटली तर पोलाद, म्हणजे प्रकरण गंभीर.

रोटॅक्सच्या कार्बोरेटरात फ्लोट इंधन पिऊन जड होतात. दोन्हींचं मिळून वजन ७ ग्रॅमच्या वर गेलं की बदलायचे, तिथे आम्ही घासाघीस करत नाही. रबरी होज पाच वर्षांनी बदलायचे, मग ते वरून कितीही तुकतुकीत दिसोत.

फायबरच्या पंखावर नाण्याने टकटक करत फिरणारा आमचा माणूस दिसेल. खणखणीत आवाज आला तर थर एकसंध आहे, बद्द आला तर आतून सुटलाय. अशा विमानाला गडद रंग द्यायचा विचार असेल तर सोडून द्या. उन्हात गडद पृष्ठभाग इतका तापतो की साध्या तापमानाला पिकलेलं इपॉक्सी नरम पडू लागतं. ही विमानं बहुतेक पांढरी का दिसतात ते आता लक्षात आलं असेल.

रंगाचा विषय निघालाच आहे तर: एलेरॉन (पंखाच्या मागच्या काठावरची हलती फळी), एलेव्हेटर किंवा रडर (शेपटीची आडवी आणि उभी हलती फळी) पुन्हा रंगवलं असेल तर आम्हाला आवर्जून सांगा. रंगाचं वजन बिजागरीच्या मागे जास्त पडतं आणि तोल बिघडतो. तोल बिघडलेला पृष्ठभाग वेगात फडफडू लागतो, आणि अशी फडफड काही क्षणांत शेपूट उपटू शकते. म्हणून रंगानंतर तो पृष्ठभाग काढून, टांगून, तोल पुन्हा पाहावाच लागतो. एकदा एका मालकाने वरून फक्त एक निळा पट्टा मारला होता, तरी आम्ही तोलून पाहिलं. त्याला राग आला, पण पुढच्या काठावर थोडं शिसं वाढवावं लागलं.

इंधनाच्या मार्गात काहीही बदललं असेल तर नाक चढाईच्या कोनात उचलून प्रवाह मोजतो. पूर्ण ताकदीला इंजिन जेवढं पितं त्याच्या दीडपट इंधन नुसत्या उतारावर यायला हवं, पंप असेल तर सव्वापट.

आणि तुम्ही स्वतः बांधलंत म्हणून एक गोष्ट स्पष्टच सांगतो. स्वतःचं काम स्वतःला दिसत नाही. काय असायला हवं हे डोक्यात पक्कं असतं, डोळे तेच बघतात. एका विमानाच्या शेपटीच्या पोकळीतून आम्ही पाना काढला तेव्हा मालक हरखून म्हणाले, "अहो, हा तर मी तीन वर्षं शोधतोय!" त्या तीन वर्षांत त्यांनी ती पोकळी दर वर्षी टॉर्च लावून पाहिली होती. पाना एलेव्हेटरच्या दांड्यापासून बोटभर अंतरावर पडलेला होता.

विमान परत नेताना

न पाहिलेल्या भागावर आम्ही सही करत नाही. एखादी जागा उघडताच येत नसेल तर तसं लॉगबुकात लिहितो. विमान आम्ही उडवतही नाही, ते तुमचं तुम्ही.

नेण्याआधी कंट्रोल आमच्यासमोर तुम्ही तपासा. काठी (कंट्रोल स्टिक) मुठीत धरून अंगठा सरळ वर ठेवा. काठी डावीकडे नेली की अंगठा डावीकडे झुकेल आणि डावं एलेरॉन वर गेलेलं दिसेल. अंगठा नेहमी वर गेलेल्या एलेरॉनकडे बोट दाखवतो. काठी मागे ओढली की एलेव्हेटरची कड वर, उजवा पाय दाबला की रडर उजवीकडे. ट्रिमची पट्टी (एलेव्हेटरच्या मागच्या कडेची छोटी पट्टी) मात्र उलटी चालते, नाक वर हवं असेल तर ती खाली जाते. तिथे भले भले फसतात, म्हणून ती शेवटी आणि दोघांनी मिळून पाहायची. दोन केबल अदलाबदल झाल्या तर "हलतंय ना सगळं?" एवढ्या प्रश्नात ते कळत नाही, कारण हलतं सगळंच.

पहिलं उड्डाण एकट्याने करा, धावपट्टीच्या वरच घिरट्या घाला आणि वीसेक मिनिटांत उतरा. इंजिन गार व्हायच्या आत काउलिंग पुन्हा काढा, टॉर्च घ्या आणि आम्ही हात लावलेला प्रत्येक सांधा पाहा. कुठे ओल दिसली तर पुसू नका, फोटो काढा आणि आम्हाला फोन करा.