इंग्रजीतील शब्दांच्या जाती

वाक्यात शब्द कोणते काम करतो, यावरून त्याची जात ठरते. इंग्रजीत परंपरेने नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अव्यय अशा आठ जाती मानतात. हा आठाचा आकडा मुळात इंग्रजीचा नाही. डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक व्याकरणात आठ जाती होत्या. लॅटिनमध्ये उपपदे (इंग्रजीतल्या ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखे शब्द) नव्हती, म्हणून तिथल्या वैयाकरणांनी ती वगळली आणि केवलप्रयोगी अव्यय स्वतंत्र धरून आकडा राखला. विल्यम बुलोकरचे १५८६ मधले पहिले छापील इंग्रजी व्याकरणही लॅटिनच्याच साच्यातले. लिंडली मरे याने १७९५ मध्ये उपपदे वेगळी मोजून नऊ जाती सांगितल्या.

नवशिक्याची खरी अडचण आकड्यात नसते. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय लागत. पुढे ते बहुतेक झिजले आणि अर्थाचा भार शब्दक्रमावर आला. ‘द डॉग बिट द मॅन’ मध्ये कुत्रा चावतो. दोन्ही नामांची अदलाबदल केली, तर माणूस चावतो. जातीचेही तसेच. ‘राउंड’ हा शब्द ‘अ राउंड टेबल’ मध्ये विशेषण, ‘द फर्स्ट राउंड’ मध्ये नाम, ‘राउंड द कॉर्नर’ मध्ये शब्दयोगी अव्यय आणि ‘टर्न राउंड’ मध्ये क्रियाविशेषण आहे. त्यामुळे शब्दांपुढे जाती लिहून केलेले पाठांतर फारसे कामाचे नाही. शब्द वाक्यासकट शिकावा. काही जोड्यांत उच्चारही मदत करतो: ‘रेकॉर्ड’ नाम असताना आघात पहिल्या अवयवावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर.

शब्दाच्या शेवटावर विसंबणेही धोक्याचे. ‘ली’ने संपणारी पुष्कळ क्रियाविशेषणे असली, तरी ‘फ्रेंडली’ विशेषण आहे. ‘वर्क हार्ड’ म्हणजे कसून काम करणे. ‘हार्डली वर्क’ म्हणजे जेमतेमच करणे.

नामे, क्रियापदे, विशेषणे यांत सतत भर पडते. सर्वनामे, शब्दयोगी आणि उभयान्वयी अव्यये मात्र मोजकी असून क्वचितच वाढतात, पण वापरात सर्वाधिक येणारे शब्द बहुतेक याच गटांतले. इंग्रजी शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी येते, मराठीप्रमाणे नंतर नव्हे. उपपदाची निवड अक्षरावर नाही, उच्चारावर होते: ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. आधुनिक व्याकरणे उपपदे, ‘धिस’, ‘माय’, ‘सम’ अशा शब्दांचा ‘डिटर्मिनर’ हा वेगळा वर्ग करतात. शालेय पुस्तकांत त्यांतले बरेच शब्द अजूनही विशेषणांतच सापडतात.