पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट (गाडगीळ समिती)

पश्चिम घाटाच्या परिसराचा शास्त्रीय अभ्यास करून त्याच्या जतनाची दिशा सुचवण्यासाठी केंद्र सरकारच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने ४ मार्च २०१० रोजी नेमलेला तज्ज्ञांचा गट. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ अध्यक्ष असल्यामुळे तो सर्वत्र ‘गाडगीळ समिती’ म्हणूनच ओळखला जातो. सरकारने स्वतः मागवलेला अहवाल सरकारनेच आधी दडवला, मग त्यावर दुसरी समिती बसवली, आणि त्या दुसऱ्या समितीने आखलेले क्षेत्रही पुढे कातरले गेले. शासकीय विज्ञानात राजकारणाचा हात कसा शिरतो, याचे इतके तपशीलवार नोंदले गेलेले उदाहरण भारतात क्वचितच सापडेल. म्हणून या नोंदीत शिफारशींपेक्षा अहवालाच्या वाट्याला काय आले, यावर भर आहे.

पश्चिम घाटाच्या जतनाची मागणी जुनी आहे. १९८७-८८ मध्ये ‘पश्चिम घाट बचाओ’ पदयात्रा निघाली होती. एक तुकडी नवापूरहून, दुसरी कन्याकुमारीहून चालत आली आणि दोघींची भेट गोव्यात रामनाथीला झाली. त्या चळवळीतल्या लोकांनी फेब्रुवारी २०१० मध्ये निलगिरीतल्या कोटागिरीला पुन्हा मेळावा घेतला. तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश तेथे गेले आणि पुढच्याच महिन्यात हा गट नेमला गेला. गाडगीळ मूळचे पुण्याचे, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे चिरंजीव. हार्वर्डहून परतल्यावर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसरशास्त्राचे केंद्र उभे केले आणि उभी हयात सह्याद्रीच्या डोंगररांगांत पायी हिंडण्यात घालवली. गटात गोवा विद्यापीठाचे नंदकुमार कामत, हत्तींचे अभ्यासक रामन सुकुमार, केरळचे व्ही. एस. विजयन, रेनी बोर्जेस अशी मंडळी होती.

तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,४९० किलोमीटर लांबीचा, १,२९,०३७ चौरस किलोमीटरचा प्रदेश गटाने अभ्यासाला घेतला. त्यात सहा राज्यांतले ४४ जिल्हे आणि १४२ तालुके येतात. नकाशावर साधारण नऊ किलोमीटर बाजूचे सुमारे २,२०० चौकोन आखले गेले. प्रत्येक चौकोनाला जंगलाची सलगता, उंची, उतार, तिथल्याच म्हणाव्यात अशा वनस्पती-प्राण्यांच्या जाती, नदीकाठची वनराजी या निकषांवर गुण दिले गेले. त्यातून संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीत नवी मोठी धरणे, नव्या खाणी आणि प्रदूषक उद्योग नकोत. दुसरीत बंधने थोडी सैल. तिसरीत आणखी सैल. केरळच्या अतिरप्पळ्ळी आणि कर्नाटकच्या गुंड्या या जलविद्युत प्रकल्पांना परवानगी देऊ नये, गोव्यात पहिल्या श्रेणीतल्या खाणी २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात, असे अहवालात स्पष्ट लिहिले होते. शेती, घरबांधणी, गावचे रस्ते यांवर बंदी नव्हती. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण पुढे नेमका याच्या उलट प्रचार झाला.

आणखी एक गोष्ट या अहवालात होती आणि माझ्या मते राज्यकर्त्यांना तीच सर्वांत जास्त बोचली. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले होते. महाबळेश्वरात नियम मुंबई-दिल्लीतून आले आणि स्थानिक शेतकऱ्याच्या वाट्याला बाबूशाहीचा जाच तेवढा आला, हे गटाने पाहिले. म्हणून अहवालाने सांगितले की आम्ही आखलेल्या श्रेणी हा प्रारंभीचा प्रस्ताव आहे. तो लोकांच्या भाषेत ग्रामसभांपुढे जावा, तिथे चर्चा व्हावी आणि मगच हद्दी व नियम पक्के व्हावेत. सिंधुदुर्गातल्या पंचवीस गावांनी तर आपले गाव संवेदनशील क्षेत्र करावे, असे स्वतःहून सुचवले होते. खाणीला ना हरकत दाखला द्यायचा की नाही हे गाव ठरवणार, ही कल्पना मंत्रालयांच्या पचनी पडणारी नव्हती.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा वेगळा अभ्यास गटाकडे सोपवला होता. त्यातले लोटे औद्योगिक वसाहतीचे पान जसे आहे तसे वाचायला हवे. मुंबई-गोवा महामार्गावरून लोटे-परशुराम ओलांडलेल्या माणसाला तिथला रासायनिक दर्प वेगळा सांगावा लागत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये गटाने वसाहतीचे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र पाहिले, तेव्हा ते क्षमतेबाहेर भरून वाहत होते आणि ते पाणी कोतवली गावाकडच्या ओढ्यात उतरत होते. हे सारखेच चालू होते म्हणून कोतवलीच्या सरपंचांनी ओढ्याचे तेच पाणी पिऊन जीव देण्याचा प्रयत्न केला होता. त्यांना मुंबईला हलवून वाचवले गेले. ओढा होता तसाच राहिला. वसाहतीत सुमारे ११,००० लोकांना काम मिळाले, पण दाभोळ खाडीच्या प्रदूषणाने सुमारे २०,००० मच्छीमारांचा रोजगार गेल्याचे सांगितले जाते, हेही अहवालात नोंदलेले आहे.

याच पानांवर दोन गोष्टी अशा आहेत की त्यावरून पुढचे सारे कळून यावे. पहिली ही की कोणत्या जिल्ह्यात कुठे कोणता उद्योग बसवता येईल, याचा नकाशासंग्रह केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जर्मन मदतीने तयार करून घेतला होता. रत्नागिरीचा संग्रह तयार असूनही लोकांपुढे आणला गेला नाही; तो हाती यायला सरकारच्याच या गटाला खटपट करावी लागली. दुसरी गोष्ट जिल्हा प्रशासनाकडून मिळालेल्या आकड्याची. २८ ऑगस्ट २००७ ते २१ ऑक्टोबर २००९ या काळात सुमारे ७८५ दिवसांपैकी १९१ दिवस रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी होती. म्हणजे चार दिवसांत जवळजवळ एक दिवस लोकांना एकत्र जमून बोलायला बंदी. परिसरशास्त्राच्या अहवालात जमावबंदीचे दिवस मोजलेले मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाहीत. ओढ्यातले विष आणि जमावबंदी ही एकाच रोगाची लक्षणे आहेत, असे मानणारे ते विज्ञान होते.

अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजी मंत्रालयाला सादर झाला. त्याआधीच, जुलैमध्ये, रमेश यांच्याकडून पर्यावरण खाते गेले होते आणि जयंती नटराजन आल्या होत्या. त्यानंतर अहवाल कपाटात गेला. केरळमधल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात त्याची प्रत मागितली. मंत्रालयाने ती नाकारली. अहवाल अजून अंतिम नाही, राज्यांशी विचारविनिमय चालू आहे, तो उघड केल्यास राज्यसंस्थेच्या वैज्ञानिक व आर्थिक हिताला बाध येईल, अशी कारणे दिली गेली. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे गेले. आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल २०१२ मध्ये अहवाल प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. अशी माहिती धोरण ठरण्याआधी लोकांना मिळाली पाहिजे, धोरण ठरून गेल्यावर नव्हे, ही त्या आदेशामागची भूमिका होती. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेथे मे महिन्यात याचिका फेटाळली गेली आणि २३ मे रोजी अहवाल संकेतस्थळावर आला. जवळजवळ नऊ महिने देशाच्या पर्यावरण मंत्रालयाने स्वतःच्या तज्ज्ञांचा अहवाल लोकांपासून लपवण्यासाठी वकील उभे केले.

सोव्हिएत रशियात स्टालिनचा वरदहस्त लाभलेल्या लायसेंको या कृषितज्ज्ञाच्या दबदब्याच्या काळात आनुवंशिकीवरच बंदी आली आणि निकोलाय वाविलोवसारखा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात मरण पावला. लोकशाहीत हस्तक्षेपाला इतक्या टोकाला जावे लागत नाही. गाडगीळांना कोणी अटक केली नाही, त्यांचा एकही आकडा बदलला नाही. ‘अंतिम नाही’ हा शेरा पुरेसा पडला.

अहवाल खुला झाला तोही इंग्रजीत. तो ग्रामसभांकडे गेलाच नाही. मंत्रालयाने हरकती-सूचना मागवल्या, राज्य सरकारांची मते घेतली आणि आलेल्या १,७५० प्रतिक्रियांपैकी ८१ टक्के विरोधात असल्याचे पुढे सांगितले गेले. ज्यांच्या गावाबद्दल अहवाल होता त्यांनी तो वाचलेलाच नसताना ही टक्केवारी कशाची, हा प्रश्न गाडगीळांनी पुन्हा पुन्हा विचारला. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरच्या मराठी सारांशात मूळ म्हणण्याचा विपर्यास केला आहे, हाही त्यांचा जाहीर आरोप होता. दरम्यान जुलै २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली, राधानगरी यांसह पश्चिम घाटातली ३९ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. गाडगीळ गटाच्या शिफारशी विचारात घेऊन प्रस्ताव सुधारावा, असे युनेस्कोच्या सल्लागार संस्थेचे म्हणणे होते. तसे न होताच नाव लागले.

ऑगस्ट २०१२ मध्ये अंतराळशास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली ‘उच्चस्तरीय कार्यगट’ नेमला गेला आणि त्याने एप्रिल २०१३ मध्ये अहवाल दिला. उपग्रहचित्रांवरून त्याने घाटाचे दोन भाग केले: नैसर्गिक भूप्रदेश आणि माणसांच्या वहिवाटीचा ‘सांस्कृतिक’ भूप्रदेश. सुमारे ६० टक्के भाग दुसऱ्या गटात टाकून बाजूला ठेवला गेला. उरलेल्यातून संवेदनशील ठरला तो ३७ टक्के भाग, ५९,९४० चौरस किलोमीटर, ४,१५६ गावे. त्यांतली २,१५९ एकट्या महाराष्ट्रात. हा अहवाल अगदीच पोकळ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या ३७ टक्क्यांत खाणी, औष्णिक वीज, अतिप्रदूषक उद्योग आणि २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठी बांधकामे यांना त्याने मज्जाव केला. पण गाडगीळ गटाने सुचवलेले पश्चिम घाट परिसर प्राधिकरण गेले, अतिरप्पळ्ळीचे दार पुन्हा किलकिले झाले आणि ग्रामसभेचा निर्णयाधिकार गळून पडला. देवराई, सड्यावरचे गवताळ माळ, काजूच्या बागेतून जाणारा ओहोळ हे सारे ‘सांस्कृतिक’ ठरले की संरक्षणाबाहेर जाते. सह्याद्रीत माणूस आणि रान अशी रेघ मारता येत नाही, हे कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. मे २०१३ मध्ये गाडगीळांनी कस्तुरीरंगन यांना जाहीर पत्र लिहून, आर्थिक निर्णयांत स्थानिक लोकांना स्थान नाही या भूमिकेवर कडक शब्दांत आक्षेप घेतला.

विरोध मात्र सौम्य केलेल्या अहवालालाही झाला, आणि सर्वांत तीव्र केरळात. नोव्हेंबर २०१३ मध्ये इडुक्की, वायनाड, कोळिकोड भागांत हरताळ पाळले गेले, जाळपोळ झाली. डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळलेल्या पण जमिनीचा पट्टा हाती नसलेल्या शेतकऱ्याची भीती खरी होती. आपल्याला उठवतील, गाई-गुरे पाळू देणार नाहीत, असे त्याला सांगितले गेले होते. त्या भीतीआड दगडखाणवाले आणि जमिनींचे व्यवहार करणारे उभे राहिले. इडुक्कीचे काँग्रेस खासदार पी. टी. थॉमस यांनी गाडगीळ अहवालाची उघड बाजू घेतली. २०१४ मध्ये पक्षाने त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही. बाकीच्या राजकारण्यांनी यातून घ्यायचा तो बोध घेतला.

त्यानंतरचा इतिहास मसुद्यांचा आहे. संवेदनशील क्षेत्राची पहिली मसुदा अधिसूचना १० मार्च २०१४ रोजी निघाली. मसुद्यावर ६० दिवस हरकती घ्यायच्या आणि ठरल्या मुदतीत तो अंतिम करायचा, नाहीतर तो बाद होतो. तो बाद झाला. मग २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४ असे आणखी पाच मसुदे निघाले. केंद्रातले सरकार बदलले, मसुद्यांचे नशीब बदलले नाही. केरळने स्वतःची समिती बसवून आपले १३,१०८ चौरस किलोमीटर ९,९९३.७ वर आणले. कर्नाटकाने अधिसूचनाच नको म्हटले. २०२२ मध्ये राज्यांच्या हरकतींचा विचार करायला आणखी एक समिती आली. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, ५६,८२५.७ चौरस किलोमीटरचा. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० आणि गोव्याचे १,४६१. आदल्याच दिवशी पहाटे वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे दरडीखाली गेली होती. ती ज्या वैत्तिरी तालुक्यात आहेत, तो गाडगीळ गटाने पहिल्या श्रेणीत ठेवला होता.

माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३): दरड कोसळली की वर्तमानपत्रांत गाडगीळ अहवालाची आठवण निघते. अहवाल मानला असता तर अमुक गाव वाचले असते, असे एकेका दरडीबाबत शास्त्रीय खात्रीने सांगता येत नाही. अतिवृष्टी, कातळावरची मातीची जाडी, उतारावरचे खणकाम, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. एवढे मात्र सांगता येते की कोणता उतार नाजूक आहे याचा विचार करून केलेला नकाशा सरकारच्या हाती २०११ पासून होता.

दोडामार्ग तालुका गाडगीळ गटाने सर्वाधिक संवेदनशील मानला होता. कस्तुरीरंगन गटाच्या यादीतून तो वगळला गेला. तिळारीच्या खोऱ्यातून हत्ती आणि वाघ गोवा-कर्नाटकात ये-जा करतात, तो सावंतवाडी-दोडामार्गाचा पट्टा हाच. तो वाचवण्यासाठी पर्यावरण कार्यकर्त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे लढा दिला. २०२४ च्या मार्चमध्ये न्यायालयाने या पट्ट्यातल्या २५ गावांना संवेदनशील क्षेत्र घोषित करण्याचा आदेश दिला आणि त्या वर्षअखेरीस केंद्राने त्यांच्यापुरती अधिसूचना काढली. तीही मसुद्याच्या रूपात.