कानाला पटलं, हाताला नाही: गिटार अ‍ॅम्प सिम्युलेशनची पार्श्वभूमी

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरची, म्हणजे अ‍ॅम्पची, कॉम्प्युटरवर नक्कल करणारं सॉफ्टवेअर म्हणजे अ‍ॅम्प सिम्युलेशन प्लगइन. अशा दोन प्लगइनची तुलना हल्ली बहुतेक एकाच पद्धतीने होते. तोच रिफ (गिटारवरची छोटी, ठळक सुरावट) दोन्हींतून वाजवून रेकॉर्ड करायचा, जोडीला खऱ्या अ‍ॅम्पचं रेकॉर्डिंग ठेवायचं आणि ऐकणाऱ्याला विचारायचं, यातला खरा कोणता? ऐकणारे वारंवार चुकतात आणि प्रश्न मिटला असं धरलं जातं. वाजवणाऱ्याचा प्रश्न मात्र तिथे मिटत नाही. पिकचा जोर वाढवल्यावर आवाज कसा दबतो, गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणल्यावर डिस्टॉर्शन (आवाजाचा फाटलेपणा) किती निवळतं, बेंड केलेला, म्हणजे तार ओढून चढवलेला, सूर टोकाला कसा फुलतो, हे त्याला हातात कळतं. टोन (कानाला येणारा आवाज) आणि फील (हाताला मिळणारा प्रतिसाद) हे पहिल्यापासून दोन वेगळे प्रश्न होते, आणि त्यांची उत्तरंही वेगवेगळ्या काळात मिळाली.

नक्कल करायची होती ती कशाची? कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने बासगिटारसाठी बासमन हा अ‍ॅम्प बनवला. त्याच्या १९५९ सालच्या सर्किटवरून पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलच्या दुकानात जिम मार्शल, केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी १९६२-६३च्या सुमारास जेटीएम ४५ उभा केला. स्वच्छ आवाज मोठा करायचा, एवढाच या यंत्रांमागचा हेतू होता. वादकांनी ती मर्यादेपलीकडे उघडली आणि व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या ट्यूब, ओव्हरलोड होऊन जो आवाज निघाला, त्याच्या प्रेमात पडले. द किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ साली स्पीकरचा पडदाच ब्लेडने चिरला, कारण त्याला आणखी फाटलेला आवाज हवा होता.

या अ‍ॅम्पमध्ये एक गोष्ट अशी घडते, की ती समजली तर पुढचा सगळा इतिहास समजतो. बासमन आणि जेटीएम ४५ या दोन्हींत एसीचं डीसी करायला जीझेड ३४ ही रेक्टिफायर ट्यूब होती. तारेवर जोरात आघात केला की आउटपुट व्हॉल्व्ह एकदम जास्त करंट ओढतात, पुरवठ्याचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि मग सावरतं. जुन्या वाड्यात पाण्याची मोटर सुरू होताना दिवा मिणमिणावा, तसंच हे आहे. कानाला त्यात फक्त किंचित दबलेला आरंभ ऐकू येतो. हाताला मात्र अ‍ॅम्प उलट उत्तर देतोय असं वाटतं. याला ‘सॅग’ म्हणतात. पुढच्या मार्शलमध्ये ट्यूबच्या जागी सिलिकॉन डायोड आले आणि प्रतिसाद कडक झाला. त्याच घराण्यातले, बरेचसे एकसारखे ऐकू येणारे दोन अ‍ॅम्प हाताखाली वेगळे का लागतात, याचं एक मोठं कारण हे.

अ‍ॅम्पशिवाय अ‍ॅम्पचा आवाज काढायचे पहिले प्रयत्न अ‍ॅनलॉग होते. बोस्टन या बँडचा गिटारवादक टॉम शोल्झ एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. त्याने १९८२ साली रॉकमन बाजारात आणला: कमरेला अडकवायचा, हेडफोन लावून वाजवायचा डबा. न्यूयॉर्कच्या टेक २१ कंपनीसाठी अँड्र्यू बार्टाने १९८९ साली सॅन्सअ‍ॅम्प केला. या दोघांनी ओळखलेली गोष्ट फार मोलाची होती. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर पाठवत नाही. डिस्टॉर्शन थेट मिक्सरमध्ये घातलं की कानाला चावतं, ते नेमकं हे वरचं उरल्यामुळे. म्हणून निम्मा टोन स्पीकरच्या फिल्टरमध्ये असतो, आणि तो भाग सगळ्यात आधी सुटला. पुढे खऱ्या कॅबिनेटसमोर, म्हणजे स्पीकरच्या खोक्यासमोर, माइक ठेवून मोजलेले इम्पल्स रिस्पॉन्स (तो स्पीकर आवाज कसा बदलतो याची नोंद), म्हणजे आयआर, आले आणि या बाबतीत तक्रारीला फारशी जागाच उरली नाही.

डिजिटल पर्व सुरू केलं ते मार्कस राइल आणि मिशेल डॉयडिक यांच्या लाइन ६ने. १९९६ साली अ‍ॅक्सिस २१२ हा मॉडेलिंग, म्हणजे इतर अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणारा, अ‍ॅम्प आला. १९९८ साली प्रो टूल्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसाठी अ‍ॅम्प फार्म हे प्लगइन आलं आणि त्याच वर्षी लाल, घेवड्याच्या आकाराचा पॉड हा मॉडेलिंग डबा. अ‍ॅम्प फार्म चालायला प्रो टूल्सची महागडी डीएसपी (आवाजाचा हिशोब करणारी) कार्डं लागत, म्हणून ते स्टुडिओपुरतं राहिलं. साध्या कॉम्प्युटरवर हे काम उतरलं ते इटलीच्या आयके मल्टीमीडियाच्या अ‍ॅम्प्लिट्यूबमुळे २००२ साली, आणि २००४ साली नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या गिटार रिगमुळे.

याच काळात फीलच्या तक्रारी सुरू झाल्या, आणि त्यांना ठोस कारणं होती. पहिलं कारण लेटन्सी, म्हणजे तार छेडल्यापासून सूर ऐकू येईपर्यंतचा उशीर. कॉम्प्युटर आवाजाची मोजमापं (सॅम्पल) गठ्ठ्यांनी हाताळतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पलच्या दराने, १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, वर आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरचा वेळ. हे सहज चालून जातं, कारण अ‍ॅम्पपासून ३ मीटरवर उभं राहिलं तरी आवाज पोचायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. पण तेव्हाच्या मशिनवर आवाज तुटू नये म्हणून बफर ५१२वर ठेवावा लागे, आणि जाऊन-येऊन २१ मिलिसेकंदांच्या पुढे गेल्यावर हात आणि सूर यांची फारकत होते. तेव्हाच्या कित्येक प्लगइनना ‘मेलेला फील’ असं जे नाव पडलं, त्यातला बराच दोष अ‍ॅम्पच्या मॉडेलचा नव्हताच.

दुसरं कारण एलिआसिंग. डिस्टॉर्शनमधून वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) तयार होतात. ते सॅम्पलिंगच्या निम्म्या दराच्या वर गेले की दुमडून खाली येतात आणि सुराशी नातं नसलेले आवाज बनतात. वरच्या फ्रेटवर सूर बेंड करा: सूर चढत असताना हा भुताटकीचा आवाज खाली उतरतो. एकदा ऐकू आला की वाजवताना त्याच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. उपाय म्हणजे आतल्या आत चौपट-आठपट दराने हिशोब करणं, ओव्हरसॅम्पलिंग. पण त्याला प्रोसेसरची ताकद लागते आणि ती हळूहळूच आली.

तिसरं कारण सर्वांत खोल. सुरुवातीची बहुतेक मॉडेलं म्हणजे फिल्टर, मग डिस्टॉर्शनचा एक ठरावीक वक्र, मग पुन्हा फिल्टर. त्या वक्राला आठवण नसते. मघाशी सांगितलेला सॅग ही आठवण आहे: या क्षणीचा आवाज मागच्या क्षणी किती जोरात वाजवलं यावर ठरतो. म्हणून सर्किटचाच हिशोब करायची वाट धरली गेली. नॉर्मन कोरेनने १९९६ साली ट्रायोड या व्हॉल्व्हच्या प्रकाराची सुधारित समीकरणं मांडली होती. स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड ये याने २००९च्या पीएचडीत डिस्टॉर्शन सर्किटं भागाभागाने सोडवून रिअल टाइममध्ये चालवण्याच्या पद्धती दाखवल्या. फ्रॅक्टल ऑडिओच्या अ‍ॅक्स-एफएक्स या मॉडेलिंग यंत्राने तर सॅग, बायस (व्हॉल्व्हमधून शांततेतही वाहणारा करंट ठरवणारी जुळणी), ट्रान्सफॉर्मर हे सगळं वादकाच्या बोटाखाली आणून ठेवलं. माझ्या मते फीलच्या इतिहासातलं खरं वळण हेच; नंतर आलेली न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी सॉफ्टवेअरं, नव्हेत.

क्रिस्टोफ केम्परने २०११ साली उलटी वाट घेतली. सर्किट समजून घ्यायचंच नाही. अ‍ॅम्पमध्ये चाचणीचे आवाज पाठवायचे, बाहेर काय येतं ते मोजायचं आणि त्याचं प्रोफाइल बनवायचं. फिनलंडमध्ये आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली ट्यूब अ‍ॅम्पची नक्कल डीप लर्निंगने, म्हणजे न्यूरल नेटवर्कच्या मदतीने, करून दाखवली. हेलसिंकीत २०१७ साली स्थापन झालेल्या न्यूरल डीएसपीने २०२० साली क्वाड कॉर्टेक्स हा मॉडेलिंग डबा सादर केला, आणि स्टीव्हन अ‍ॅटकिन्सनच्या न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरने हे तंत्र ओपन सोर्स, फुकट करून टाकलं. अशा कॅप्चरची, म्हणजे खऱ्या अ‍ॅम्पवरून उतरवून घेतलेल्या नकलेची, हुबेहुबता थक्क करणारी आहे. मात्र साधं कॅप्चर नॉबच्या एकाच स्थितीचं असतं. गेन (डिस्टॉर्शन वाढवणारा नॉब) कमी केल्यावर खरा अ‍ॅम्प कसा वागला असता, हे त्याला माहीत नसतं. सर्किटच्या मॉडेलला असतं. तुलना करताना हा फरक विसरला जातो.

पुण्या-मुंबईच्या सोसायटीत शंभर वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण उघडणं शक्यच नसतं. इथल्या पुष्कळ वादकांच्या हाताखाली मार्शल पहिल्यांदा आला तो प्लगइनमधूनच, त्यामुळे त्यांनी केलेली तुलना दोन सॉफ्टवेअरमधलीच असते. तिच्यातली सर्वांत मोठी गफलत इनपुट पातळीची. एका ऑडिओ इंटरफेसचं, म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचं, इनपुट १२ डीबीयूला (व्होल्टेजचं डेसिबलमधलं माप) भरतं, दुसऱ्याचं १८ला. ६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज दुप्पट, म्हणजे तीच गिटार, तेच प्लगइन, पण १८वाल्या इंटरफेसमधून अ‍ॅम्पवर निम्माच जोर पडतो. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरमध्ये आता ही पातळी डीबीयूत नोंदवून जुळवता येते. ज्या प्लगइनमध्ये ती सोय नाही, तिथे इंटरफेसच्या माहितीपत्रकातला आकडा पाहून इनपुटचा नॉब हातानेच लावावा लागतो.