वर्गात नेट नाही, तरी प्रयोग पडद्यावर

तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. त्यातली दहा मिनिटं पासवर्ड शोधण्यात, पडद्यावरचं गोल चक्र फिरताना बघण्यात आणि "सर, मागून दिसत नाही" यात जातात. उरलेल्या वेळात शिक्षक घाईघाईने सगळं दाखवून टाकतात, मुलं बघतात आणि घंटा होते. वेबवरची साधनं वर्गात फसतात ती बहुतेक वेळा अशी. नेटच्या अडचणीवर उपाय सोपा आहे. नुसतं दाखवणं आणि नुसतं बघणं या अडचणीवरचा उपाय मात्र तयारी मागतो. दोन्हींसाठी नववीचा धाराविद्युतचा धडा आणि 'फेट' (PhET) या संकेतस्थळावरची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळायचे प्रयोग, घेऊ.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डर इथे, कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये फेट सुरू केलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. आज भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र अशा विषयांची सिम्युलेशन्स तिथे फुकट मिळतात आणि अनेकांचं मराठी भाषांतरही आहे. जुनी सिम्युलेशन्स जावा आणि फ्लॅश या जुन्या तंत्रांत होती. फ्लॅश 31 डिसेंबर 2020 ला कायमचं बंद झालं, त्यामुळे एखाद्या जुन्या प्रशिक्षण पुस्तिकेतली लिंक उघडली नाही तर लॅपटॉपला दोष देऊ नका. त्याच सिम्युलेशनची एचटीएमएल-5 आवृत्ती, म्हणजे थेट ब्राउझरमध्ये चालणारी, शोधा. बहुतेकांची आहे.

या नव्या आवृत्तीची खरी सोय म्हणजे अख्खं सिम्युलेशन एकाच एचटीएमएल फाइलमध्ये मावतं. घरी किंवा जिथे नेट असेल तिथे पानावरचं डाउनलोडचं चिन्ह दाबायचं, काही एमबींची ती फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि शाळेच्या लॅपटॉपवर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये उघडायची. नेट लागत नाही, खातं लागत नाही. फोनवर मात्र एक खोच आहे. फाइलवर टिचकी मारली की काही फोन ती 'एचटीएमएल व्ह्यूअर' नावाच्या साध्या ॲपमध्ये उघडतात आणि पान कोरं दिसतं. त्या ॲपमध्ये जावास्क्रिप्ट चालत नाही. उघडण्यासाठी क्रोम निवडलं की काम होतं. हे सगळं आदल्या दिवशी, त्याच लॅपटॉपवर, त्याच प्रोजेक्टरला जोडून एकदा करून बघायचं. मराठी आवृत्ती घेणार असाल तर त्यातले शब्द पाठ्यपुस्तकाशी ताडून बघा. पुस्तकात 'रोध' आणि 'विभवांतर' असताना पडद्यावर वेगळेच शब्द आले, तर मुलांना ती नवीन राशी वाटते.

आता धडा. 'सर्किट कन्स्ट्रक्शन किट'ची डीसी आवृत्ती उघडली की घटांपासून दिव्यांपर्यंत सगळं डावीकडच्या पेटीतून ओढून घेता येतं. बॅटरी 9 व्होल्टची आणि दिवा 10 ओहमचा येतो. एक बॅटरी आणि दोन दिवे एकसर जोडायचे, पण परिपथातली शेवटची तार जोडायची नाही. इथे थांबायचं आणि विचारायचं: तार जोडली तर कुठला दिवा जास्त उजळेल? बॅटरीजवळचा, लांबचा, की दोन्ही सारखे?

तार जोडून झाल्यावर हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ नाही. उत्तर समोर दिसत असताना मुलं "हो, तसंच वाटलं होतं" म्हणतात आणि डोक्यातली जुनी समजूत तशीच घेऊन घरी जातात. ही समजूत फार चिवट असते. पहिला दिवा थोडी धारा 'खाऊन' टाकतो आणि दुसऱ्याला उरलेली मिळते, असं जगभरच्या मुलांना वाटतं. मोठ्यांनाही वाटतं. म्हणून आधी प्रत्येकाने वहीत उत्तर लिहायचं आणि मग हात दाखवायचा. छातीशी धरलेली एक, दोन किंवा तीन बोटं पुरतात. शेजाऱ्याला दिसत नाहीत, शिक्षकाला दिसतात.

नोंद हवी असेल तर 'प्लिकर्स' हे ॲप उपयोगी पडतं. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक कार्ड मिळतं आणि त्यावर चौकोनी ठोकळ्यांची काळी आकृती असते. कार्डाची जी बाजू वर धरली ते उत्तर, ए ते डी. शिक्षक एका फोनच्या कॅमेऱ्याने वर्गावरून नजर फिरवतात आणि कोणाचं उत्तर काय ते फोनवर उमटतं. मुलांकडे काहीच लागत नाही. नेहमीचा संच 40 कार्डांचा आहे. पण शिक्षकाच्या फोनवर नेट लागतं, हे आधीच सांगितलेलं बरं. चुका ठरलेल्या असतात. मुलं आकृतीवरच बोटं धरतात आणि कॅमेऱ्याला आकृती पूर्ण दिसत नाही, म्हणून कार्ड पांढऱ्या कडेला धरायला शिकवायचं. चकचकीत लॅमिनेशन केलं तर खिडकीचा उजेड त्यावर पडतो आणि काळा भाग पांढरा दिसतो. त्यापेक्षा साध्या जाड कागदावर छापावं. कार्डाचा क्रमांक आणि हजेरीचा क्रमांक एकच ठेवला की वाटप चुकत नाही. ॲपमध्ये मुलांची पूर्ण नावं भरायची गरज नाही, हजेरी क्रमांक पुरतो. मुलांची माहिती बाहेरच्या सर्व्हरवर जाते तेव्हा जितकी कमी जाईल तितकं बरं.

मतदानाचा निकाल काय आला यावर पुढची पाच मिनिटं ठरतात. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत ढोबळ नियम असा आहे: 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर असतील, तर शिक्षकाने गप्प राहायचं आणि मुलांनी शेजाऱ्याला दोन मिनिटं आपलं उत्तर पटवून द्यायचं. मग पुन्हा मत. त्याहून कमी बरोबर असतील तर मुलांकडे वाद घालण्याइतकं भांडवलच नाही, मुद्दा पुन्हा समजावावा. जास्त असतील तर पुढे जावं. गोंगाट होतो, पण तो कामाचा असतो.

मग तार जोडायची. दोन्ही दिवे सारखे उजळतात. दोन ॲमीटर लावले, एक पहिल्या दिव्याआधी आणि एक दुसऱ्यानंतर, तर दोन्हींवर 0.45 ॲम्पिअर दिसतात. पुढचा प्रश्न लगेच टाकायचा: एका दिव्याच्या दोन्ही टोकांना नुसती तार जोडली तर काय होईल? पुन्हा वही, पुन्हा बोटं. तो दिवा विझतो आणि दुसऱ्यातून 0.9 ॲम्पिअर वाहू लागतात. धारा दुप्पट, पण त्या दिव्याची शक्ती 2 वॉटवरून 8.1 वॉटवर, म्हणजे चौपट. शक्ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात का असते, हे सूत्राआधी डोळ्यांना दिसतं.

पडद्यावरच्या या परिपथाचा फायदा मोजला गेला आहे. नोआ फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला खऱ्या दिव्या-तारांऐवजी हेच सिम्युलेशन दिलं. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात हा गट संकल्पनांच्या प्रश्नांत पुढे होता. गंमत म्हणजे नंतर खरा परिपथ जोडून तो समजावून सांगण्यातही तोच गट सरस ठरला. कारण समजण्यासारखं आहे. प्रयोगशाळेत दिवा लागला नाही तर घट संपला, तार सैल आहे, दिवा उडाला की आपली जोडणीच चुकली, हे नवशिक्याला कळत नाही. सिम्युलेशनमध्ये दिवा लागला नाही तर चूक जोडणीतच असते. शिवाय धारा वाहताना दिसते.

पण तेच दिसणं फसवतंही, आणि ते सांगितल्याशिवाय तास सोडू नये. पडद्यावर इलेक्ट्रॉन मुंग्यांच्या रांगेसारखे, मोजता येतील इतके विरळ आणि चांगले झपाट्याने चालतात. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून 1 ॲम्पिअर धारा वाहते तेव्हा इलेक्ट्रॉनांचा सरासरी पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला सुमारे 0.07 मिलिमीटर असतो. म्हणजे एक मीटर तार ओलांडायला जवळपास पावणेचार तास. बटण दाबताच दिवा लागतो, कारण सगळ्या तारेतले इलेक्ट्रॉन जवळपास एकदमच सरकू लागतात. दुसरं, पडद्यावरचे इलेक्ट्रॉन ऋण टोकाकडून धन टोकाकडे जातात आणि पुस्तकातला बाण उलट असतो. सिम्युलेशनमध्ये संकेतमान्य धारेचा पर्याय आहे. दोन्ही एकामागून एक दाखवले नाहीत तर हुशार मुलं हमखास गोंधळतात. तिसरं, इथली बॅटरी आदर्श आहे. खऱ्या घटाला समांतर जोडणीत दिवे वाढवत गेलं की प्रत्येक दिवा थोडा मंद होतो, कारण घटाचा आंतररोध. प्रगत पर्यायांत तो वाढवता येतो. दीड व्होल्टचे दोन घट आणि टॉर्चचे तीन दिवे टेबलावर ठेवून खराखुरा फरक दाखवला तर त्याहून उत्तम.

पुस्तकातल्या क्यूआर कोडचंही थोडक्यात. बालभारतीच्या पुस्तकांवरचे कोड दीक्षा ॲपने उघडतात. लागणारं साहित्य ॲपमध्येच आधी डाउनलोड करून ठेवलं की वर्गात नेट नसलं तरी चालतं. व्हिडिओ पाच मिनिटांपेक्षा मोठा असेल तर मध्ये दोनदा थांबवून "आता पुढे काय होईल?" विचारावं. नाहीतर तो तास व्हिडिओचा होतो, आपला राहत नाही.

आतापर्यंत फोन शिक्षकाचा पडदा किंवा कॅमेरा होता. तो मोजमापाचं यंत्रही आहे. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने 2016 मध्ये आणलेलं 'फायफॉक्स' हे मोफत ॲप फोनच्या माइक आणि संवेदकांकडून थेट आकडे घेतं. एकदा ॲप घेतलं की नेट लागत नाही. त्यातल्या 'अकूस्टिक स्टॉपवॉच'ने ध्वनीचा वेग वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात मोजता येतो. हे घड्याळ पहिल्या मोठ्या आवाजाला सुरू होतं आणि दुसऱ्याला थांबतं.

दोन फोन नेमके 5 मीटर अंतरावर, टेपने मोजून ठेवा. पहिल्या फोनजवळचा मुलगा टाळी वाजवतो. पहिला फोन लगेच सुरू होतो, दुसरा आवाज पोचल्यावर. एक-दोन सेकंदांनी दुसऱ्या फोनजवळची मुलगी टाळी वाजवते. दुसरा फोन लगेच थांबतो, पहिला थोडा उशिरा. म्हणजे पहिल्या फोनचा वेळ दुसऱ्यापेक्षा जास्त येतो आणि तो फरक आवाजाला 5 मीटर जायला आणि 5 मीटर यायला लागलेला असतो. 10 मीटर भागिले तो फरक, झाला ध्वनीचा वेग. 30 अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे 349 मीटर असतो, म्हणून फरक 0.0287 सेकंदाच्या जवळपास यायला हवा. इतक्या लहान आकड्यात एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे उत्तरात साडेतीन टक्क्यांची चूक. व्हरांडा लांब असेल तर 10 मीटर घ्या, तीच चूक निम्मी होते.

बिघडतं ते आवाजाच्या उंबरठ्यावर. ॲपमध्ये 'थ्रेशोल्ड' सुरुवातीला कमी असतो, त्यामुळे पंख्याची घरघर किंवा शेजारच्या वर्गातली कविताही घड्याळ सुरू करते. तो हळूहळू वाढवत अशा जागी आणा, की शांततेत घड्याळ हलत नाही पण लांबची टाळी पकडली जाते. हाताच्या टाळीपेक्षा लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर आपटणं बरं, आवाज एकदम उठतो. आणि दोन्ही फोन सायलेंटवर ठेवा. ऐन वेळी आलेल्या मेसेजचा टुंग हाही दुसरा आवाजच.

शेवटी दोलक. फेटच्या 'पेंड्युलम लॅब'मध्ये लांबी 1 मीटर, घर्षण शून्य ठेवा आणि विचारा: झोका मोठा केला तर दोलनकाळ बदलेल का? पुस्तक वाचलेली मुलं ठामपणे "नाही" म्हणतात. 10 अंशांवरून सोडला तर 2.01 सेकंद येतात, 60 अंशांवरून 2.15. पुस्तक खोटं नाही, ते लहान झोक्यांबद्दल बोलतंय. 60 अंशांला फरक सात टक्के होतो आणि सिम्युलेशन तो लपवत नाही. तिथेच एक 'प्लॅनेट एक्स' आहे. त्याचं गुरुत्वत्वरण दिलेलं नाही, मुलांनी दोलनकाळ मोजून काढायचं.

मग तेच गणित आपल्या ग्रहावर. दाराच्या चौकटीला दोरा बांधा, खाली जाडसर नट (बोल्टचा, नाटकातला नव्हे), टांगलेल्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर 1 मीटर. 20 दोलनांचा वेळ फोनच्या घड्याळाने घ्या. बटण दाबण्यात 0.2 सेकंदाची चूक झाली तरी 40 सेकंदांत ती अर्धा टक्काच उरते. महाराष्ट्रात उत्तर 9.8 मीटर प्रतिसेकंद वर्गाच्या अगदी जवळ यायला हवं. एखाद्या गटाचं 10.8 आलं तर त्यांनी नट सोडताना 'एक' म्हटलं, 'शून्य' नाही. एकोणीस दोलनं वीस म्हणून मोजली गेली. 8.5 आलं तर झोका साठ अंशांच्या आसपासचा होता.