चादरीतली चूक आणि आपली भावकी

दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा, आनुवंशिकता व उत्क्रांती. जूनमध्ये क्लास सुरू झाले की मी हा धडा घेतो आणि दरवर्षी कुणाच्या तरी घरून प्रश्न येतोच. यावर्षी एका मुलाचे वडीलच संध्याकाळी दारात उभे राहिले. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर चादरी विणतात, पाळी संपवून सरळ आलेले, केसांत सुताचे तंतू तसेच. म्हणाले, "सर, पोरगं घरी सांगतंय आपण माकडापासून झालो म्हणून. आमच्या आईला लई वाईट वाटलं ओ. असलं कशाला शिकवताय?"

रागाने नव्हते बोलत, खरंच विचारत होते. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि आम्ही दीड तास बोलत बसलो. त्यातलंच बरंच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न सोलापुरात घरोघरी आहे आणि बहुतेक वेळा दोन वाक्यांत भांडण होऊन मिटतो, पुढे कोणी जातच नाही.

आधी मी त्यांना हेच सांगितलं की तुमचं पोरगं चुकीचं सांगत होतं. माणूस माकडापासून झाला असं विज्ञान म्हणत नाही. गच्चीवर येऊन वाळवण उधळणारं लाल तोंडाचं माकड किंवा काळ्या तोंडाचं वानर, यातलं कुणीही आपले आजोबा-पणजोबा नाहीत. ते भावकीतले. तुमच्या गावाकडे एकाच आडनावाची पन्नास घरं असतात, त्यातला एखादा चुलत चुलत भाऊ असतो, तो काही तुमचा बाप नसतो, पण मागे मागे जात राहिलं की कुठेतरी एक पुरुष सापडतो जो त्याचाही पूर्वज आणि तुमचाही. तो मूळ पुरुष आज हयात नाही. तसंच इथे. "माकडापासून माणूस झाला तर मग माकडं अजून कशी आहेत" हा प्रश्न ज्याला त्याला पडतो, त्याचं उत्तर यातच आहे, वाटणी झाली म्हणून चुलत्याचं घर काही गायब होत नाही, त्याचा वंश तिकडे वाढतो आणि आपला इकडे.

यात आपल्या भाषेचीही थोडी अडचण आहे. इंग्रजीत शेपटीच्या माकडांना वेगळा शब्द आहे आणि चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, गिबन या बिनशेपटीच्या मंडळींना 'एप' हा वेगळा शब्द. मराठीत रोजच्या बोलण्यात आपण सगळ्यांना माकड म्हणून मोकळे होतो, कारण एप आपल्याकडे बघायलाच मिळत नाहीत. भारतात एपच्या नावावर फक्त हूलॉक गिबन आहेत, तेही ईशान्येकडच्या जंगलात. आता भावकीतली अंतरं बघा. शेपटीवाल्या माकडांची शाखा आणि आपली शाखा अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. चिंपांझीपासून आपण वेगळे झालो ते साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी. आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त चकित करणारी गोष्ट म्हणजे चिंपांझी गोरिलाला जितका जवळचा आहे त्यापेक्षा माणसाला जास्त जवळचा आहे. दिसायला तो गोरिलाचा भाऊ वाटतो, पण गोरिलाचं घर आधीच वेगळं झालं होतं.

"ते ठीक ओ," ते म्हणाले, "पण दिसायला सारखं म्हणजे नातंच असतं असं कुठाय?"

बरोबर आहे. एकदम बरोबर. नुसत्या सारखेपणावर नातं ठरवता येत नाही. शार्क आणि डॉल्फिन दोघांचा आकार सारखा, पण एक मासा आणि दुसरा पिलांना दूध पाजणारा प्राणी. पाण्यात पोहायचं तर शरीर तसंच लागतं म्हणून दोघं तसे झाले. मग पुरावा म्हणून बघायचं तरी काय?

इथे त्यांनीच मला वाट दाखवली, त्यांना माहीतही नसताना. क्लासमधल्या बाकावर एक जुनी सोलापुरी चादर अंथरलेली होती. बोलता बोलता त्यांनी तिचं टोक उचललं, नक्षीवर बोट फिरवलं, एका मोराच्या मानेपाशी थांबले आणि म्हणाले, "ही कुठली ते सांगतो. हे टिपकं दिसतंय का? इथं धागा वर यायला नको होता." मी चष्मा लावून बघितलं, निळ्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. पुढच्या मोरात त्याच जागी तोच. त्याच्या पुढच्यातही.

जेकार्डचं काम ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते, कार्डांना भोकं पाडलेली असतात, जिथे भोक तिथे उभा धागा वर उचलला जातो, जिथे नाही तिथे खाली राहतो, आणि त्यातूनच मोर, फुलं, वेलबुट्टी उमटते. कार्ड पाडताना एक भोक चुकीचं पडलं की त्या माळेवर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच चूक. आणि ते सांगत होते की एका शेडची कार्डं दुसऱ्याने समोर ठेवून उतरवून घेतली तर चूकही जशीच्या तशी उतरते. "मोर कुणीबी काढंल सर. पण हेच टिपकं ह्याच जागी दोघांकडं आलं तर समजायचं कार्ड एकच."

मला त्यांना सांगायचं होतं ते हेच, आणि त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. जीवशास्त्राला कळलेलं भावकीचं गणित हेच आहे. चांगल्या, उपयोगाच्या गोष्टी दोघांना वेगवेगळ्या वाटेने मिळू शकतात. पण बिनकामाची चूक, तीही त्याच जागी, दोघांकडे असेल तर दोघांनी ती एकाच मुळावरून उतरवून घेतलेली असते.

आता अशी एक चूक तुमच्या-माझ्या अंगात आहे. पेरू खाल्ला नाही म्हणून शेळी कधी आजारी पडते का? माळावरचं वाळकं गवत आणि बाभळीचा पाला खाऊनही तिला क जीवनसत्त्व कमी पडत नाही, कारण ती ते स्वतःच्या यकृतात तयार करते. कुत्रा करतो, मांजर करतं, उंदीरही करतो. आपण करू शकत नाही. म्हणून आपल्याला आवळा, पेरू, लिंबू, बोरं लागतात, आणि म्हणूनच पूर्वी महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, जुन्या जखमा उलायच्या आणि माणसं मरायची. हे जीवनसत्त्व बनवायला जे शेवटचं एन्झाइम (शरीरातली रासायनिक कामं घडवणारं प्रथिन) लागतं त्याचा जीन, म्हणजे ते कसं बनवायचं हे सांगणारं कार्ड, आपल्याकडे नाहीच असं नाही, तो आहे, आठव्या गुणसूत्रावर (पेशीतल्या ज्या धाग्यांवर जीन असतात त्यातल्या एकावर) पडलेला आहे, पण मोडका. मधले तुकडे गेलेत, उरलेल्यात चुका भरल्यात. आणि चिंपांझीत, ओरांगउटानमध्ये, गच्चीवरच्या त्या लाल तोंडाच्या माकडातही हाच जीन त्याच तऱ्हेने मोडलेला सापडतो. म्हणजे साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी समाईक पूर्वजात तो बिघडला, झाडावर फळं-पाला भरपूर असल्याने बिघडूनही कुणाचं काही अडलं नाही आणि ते चुकीचं कार्ड पुढे सगळ्या भावकीला मिळालं. गिनी पिगलाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही, पण त्याचा जीन वेगळ्या ठिकाणी मोडलाय. ती दुसऱ्या शेडची चूक.

दुसरा पुरावा मी टॉवेलवर समजावला, सोलापुरात राहून दुसरं उदाहरण शोधायचं तरी कशाला. आपल्या पेशीत २३ जोड्या म्हणजे ४६ गुणसूत्रं असतात. (गुणसूत्र या शब्दातच सूत आहे हे त्यांना फार आवडलं.) १९५६ मध्ये नीट मोजणी होईपर्यंत माणसाचीही ४८ आहेत असंच मानायचे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांची मात्र खरोखरच ४८, म्हणजे २४ जोड्या. मग शंका येणारच, मूळ एक असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? अख्खं गुणसूत्र हरवलं तर जीव जगत नाही, तेव्हा हरवली नाही, जोडली गेली असणार. दोन टॉवेल टोकाला टोक लावून शिवले तर काय दिसेल? प्रत्येक टॉवेलच्या टोकाला बिनलूपची सपाट पट्टी असते, ती आता शिवलेल्या टॉवेलच्या बरोबर मध्ये येईल, दोन पट्ट्या समोरासमोर. आणि मार्क्याचं लेबल एकाऐवजी दोन सापडतील.

माणसाचं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र असंच आहे. गुणसूत्राच्या टोकाला 'टीटीएजीजीजी' ही डीएनएची सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, ती टोकाचीच खूण. १९९१ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या आत, जिथे टोक असायचं काही कारण नाही तिथे, हीच अक्षरं सापडतात, आणि एका जागेपर्यंत सुलट येऊन तिथून पुढे उलट होतात. टोकाला टोक. पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरलं जातं त्या गाठीसारख्या जागाही त्यात दोन आहेत, एक चालू आणि एक निकामी, म्हणजे तीच ती दोन लेबलं. चिंपांझीची दोन लहान गुणसूत्रं शेजारी ठेवली की आपल्या त्या एकाशी जुळतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, खरं सांगतो, कारण इथे अंदाज आधी केला होता आणि मग तपासला आणि तो तसाच निघाला.

२००५ मध्ये चिंपांझीचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा बहुतेक सगळा मजकूर, मसुद्याच्या रूपात वाचला गेला. जिथे दोघांचा मजकूर ओळीला ओळ लावून वाचता येतो तिथे एकेका अक्षराचा फरक जेमतेम सव्वा टक्का. मधेच घुसलेले किंवा गळालेले तुकडे धरले तर फरक वाढतो, म्हणून "९९ टक्के सारखे" हे वाक्य जपून वापरावं. आणि सव्वा टक्का म्हणजे कमी नाही, साडेतीन कोटी अक्षरं होतात ती.

शेपटीचं विचारलं त्यांनी. आपण पाठीच्या शेवटच्या हाडाला माकडहाड म्हणतो, आपल्या लोकांनी डार्विनच्या कुठल्याही मदतीशिवाय हे नाव ठेवलंय. गर्भात चौथ्या-पाचव्या आठवड्यात प्रत्येक बाळाला छोटीशी शेपटी असते, नंतर ती जिरते. एपांची शेपटी का गेली याचा एक धागा २०२४ मध्ये हाती लागला, एका जीनमध्ये डीएनएचा एक तुकडा मधेच घुसलेला आहे, तो आपल्यात आणि सगळ्या एपांत आहे, शेपटीच्या माकडांत नाही. उंदरांच्या त्या जीनमध्ये तसा बदल घडवला तर काही उंदीर आखूड शेपटीचे किंवा बिनशेपटीचेच जन्मले.

हाडांबद्दल थोडक्यात लिहितो, त्यावर वाचायला भरपूर मिळतं. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेली लूसी (आपल्या भावकीतल्या एका मादीचा सांगाडा) ३२ लाख वर्षांपूर्वीची, तिचा मेंदू चिंपांझीएवढाच पण कंबर आणि गुडघा दोन पायांवर चालणाऱ्याचे. म्हणजे आपण आधी उभे राहिलो, डोकं नंतर वाढलं. पण मला आपल्या इकडची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत १९३२ मध्ये एक जबड्याचा तुकडा सापडला, त्याला नाव दिलं रामापिथेकस. पुढे बरीच वर्षं हाच माणसाचा पहिला पूर्वज असं मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणत होते, अभ्यासाच्या पुस्तकांत आपण तेच पाठ केलं. मग १९६७ मध्ये दोन संशोधकांनी रक्तातल्या प्रथिनांवरून हिशोब मांडला की माणूस आणि चिंपांझी वेगळे होऊन पन्नासेक लाख वर्षंच झालीत, आणि रामापिथेकस तर त्याच्या कितीतरी आधीचा. भांडण पेटलं. शेवटी पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर त्याच कुळातल्या प्राण्याचा चेहरा सापडला आणि तो निघाला ओरांगउटानच्या नात्यातला. ज्यांनी रामापिथेकसची बाजू लावून धरली होती त्यांच्यातल्याच डेव्हिड पिलबीम यांनी हा चेहरा जगासमोर आणला आणि आपलं मत बदललं. उत्क्रांतीवर वाद आहे म्हणतात तो असा असतो, कोण कुठल्या फांदीवर, कधी, कसं, यावर. फांद्या एकाच झाडाच्या आहेत का यावर जीवशास्त्रज्ञांत वाद उरलेला नाही.

बाहेर मात्र आहे. २०१८ च्या जानेवारीत आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादच्या एका संमेलनात तेव्हाचे एक केंद्रीय राज्यमंत्री म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चूक आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी मिळून जाहीर पत्रक काढून हे खोडून काढलं. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या अभ्यासक्रमाच्या, दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला तेव्हा १८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्रावर सह्या केल्या. मला यात काळजी वाटते ती माझ्या क्लासमधल्या मुलांची. अर्धी मुलं दहावीनंतर आयटीआय, कॉमर्स किंवा सरळ कामाला जातात, त्यांना हा विषय आयुष्यात परत भेटणार नाही. आपण कोण हे सांगणारा धडा तेवढा एकच.

राहिली आजी. त्यांना वाईट वाटलं यावर मी काही सांगायच्या आधीच सोबत आलेला मुलगा मधे बोलला, "आजी दर शनिवारी मारुतीला तेल घालते की, मग वानराशी नातं असलं तर काय झालं?" वडील हसले, पण लगेच गंभीर होऊन त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, आणि तो सगळ्यात अवघड असतो. "मग पहिला माणूस कोण ओ सर? त्याची आई माकड आणि तो माणूस?"

मी विचारलं, तुमच्या घरी कोण कुठली भाषा बोलतं? आजी तेलुगू, तेही सोलापूरच्या वळणाचं, ते स्वतः दोन्ही, पोरगा बहुतेक मराठीच. तीन पिढ्यांत एवढं बदललं, पण आईला मुलाचं कळलं नाही असा एक दिवस तरी आला का? ज्ञानेश्वरांच्या काळातली मराठी आज आपल्याला अर्थ लावून वाचावी लागते, तरी सव्वासातशे वर्षांत एकही आई अशी झाली नाही जिला आपल्या लेकराची भाषा कळली नाही. तसंच हे. प्रत्येक लेकरू आपल्या आईच्याच जातीचं होतं, आणि तरी लाखो पिढ्यांनी मागे वळून बघितलं तर सुरुवातीची आई ओळखू येत नाही.

ते बराच वेळ गप्प बसले. मग चादरीचं टोक परत हातात घेऊन तो ठिपका मुलाला दाखवायला लागले, कुठलं भोक चुकलं, कितव्या कार्डात असेल, कसं शोधतात. जाताना म्हणाले, रविवारी कारखान्यात या, माळ उतरवलेली असते, वर्गातल्या पोरांना पण आणा.