‘बेस्ट’ वसिष्ठांकडून आला?

‘इंग्रजीतला बेस्ट म्हणजे मूळचे आपले वसिष्ठ’ असा निरोप परवा सांगलीतल्या आमच्या ग्रुपवर फिरत होता. खाली जोडलेल्या हातांची रांग. वसिष्ठ याचा अर्थ ‘सर्वोत्तम’ असाच आहे, त्यामुळे पटकन पटतं. पण संस्कृतातल्या ‘व’समोर इंग्रजीत डब्ल्यू सापडतो, बी नाही: विधवा आणि विडो. बीची गाठ ‘भ’शी: भ्राता आणि ब्रदर. खरं आहे ते एवढंच, की शेवटचा ‘-इष्ठ’ आणि इंग्रजी ‘-एस्ट’ सख्खे चुलत आहेत. त्यांचा सामाईक आजा संस्कृतच्याही आधीचा.

बेस्टचं जुनं रूप ‘बेत्स्त’; मधला त झिजला. मला खरं कुतूहल आहे ते गुड, बेटर, बेस्टचं. गुडर, गुडेस्ट का नाही? कारण गुडला तुलनेची स्वतःची रूपंच नाहीत. ती दुसऱ्याच मुळाची आहेत. आपणही ‘जातो’ म्हणतो आणि भूतकाळात ‘गेला’. जातो आलं संस्कृत ‘या’ धातूतून, गेला ‘गत’वरून. पाणिनीने तर यासाठी सूत्रच दिलं, ‘प्रशस्यस्य श्रः’: -इष्ठ लागताना ‘प्रशस्य’ (म्हणजे वाखाणण्याजोगा) हटतो, ‘श्र’ बसतो, आणि होतो श्रेष्ठ. तसाच वृद्धाचा ज्येष्ठ.

अशी आडमुठी रूपं टिकतात ती सततच्या वापराने. लहान पोर नियम लावून ‘मी करलं’ म्हणतं, पण ‘केलं’ दिवसभर कानावर पडतं, म्हणून हळूहळू सुधारतं. क्वचित ऐकू येणाऱ्या शब्दात मात्र नियमच जिंकतो. 2007 साली ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात याचा हिशोब आला. जुन्या इंग्रजीतल्या 177 अनियमित क्रियापदांपैकी आज 98 तशीच आहेत; वापर शंभरपट कमी असेल, तर क्रियापद दहापट वेगाने नियमित होतं, म्हणजे टिकाव वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. हेल्पचं जुनं भूतकाळी रूप ‘होल्प’ असंच गेलं. अभ्यास क्रियापदांचा होता, पण गुड-बेस्टलाही वापराचंच कवच आहे.

वाक्प्रचारांत बेस्ट भलताच फिरतो. लग्नातला ‘बेस्ट मॅन’ नवरदेव नसतो, त्याचा पाठराखा असतो. बेस्टचं क्रियापद केलं की अर्थ ‘हरवणे’. वर्स्टचं केलं तरी हरवणेच!

मराठीत तर बेस्टचं तमपणच, म्हणजे ‘सगळ्यांत वरचा’ हा अर्थच, गळाला. ‘लय बेस्ट’, ‘सगळ्यात बेस्ट भडंग’, ‘त्याच्यापेक्षा हे बेस्ट’ हे सगळं सांगलीत बिनदिक्कत चालतं. ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणताना श्रेष्ठचंही आपण हेच केलंय.