असईची लढाई

दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धातील ही लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ झाली. वसईच्या तहाने पेशवा बाजीराव (दुसरा) इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या आश्रयाला गेला. ते दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे) यांना मान्य नव्हते.

केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात मराठ्यांची छावणी होती. मोठे घोडदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखालची कवायती पायदळाची सुमारे दहा हजारांची फौज. समोर कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली, प्रत्यक्ष लढणारे जेमतेम ४,५०० लोक घेऊन. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी दुसऱ्या वाटेने येत होती, पण वेलस्ली तिच्यासाठी थांबला नाही.

केळणेला पुढे उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वरूड ही गावे दिसली. अशा गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, हा त्याचा तर्क खरा ठरला. उतरताना मराठी तोफांचा मारा सुरू झाला आणि एका गोळ्याने त्याच्या लगतच्या स्वाराचे डोके उडवले.

तरी नदी त्याला स्वस्तातच पडली. खरी किंमत पलीकडच्या काठावर मोजावी लागली. मराठ्यांची डावी बगल मोकळी सापडेल, या हिशेबाने तो आला होता. पण पोलमनने कवायती पलटणींचे तोंड झपाट्याने फिरवून नवी फळी धरली. इंग्रजांच्या उजव्या बाजूची पथके भरकटून थेट असई गावातल्या तोफांपुढे गेली आणि ७४ व्या हायलँडर पलटणीची दाणादाण उडाली. मॅक्सवेलच्या हाताखालच्या इंग्रज घोडदळाने धाव घेतली म्हणून उरलेले वाचले. पुढच्या हल्ल्यात मॅक्सवेल स्वतः पडला. तोफा हातच्या गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही मराठी गोलंदाज शत्रू पुढे सरकताच उठले आणि त्यांनी त्याच तोफा त्याच्या पाठीवर डागल्या. झुंज दिली ती याच लोकांनी. घोडदळाचा मोठा भाग जवळजवळ बघ्यासारखा उभा होता, आणि पराभवाचा मोठा दोष तिथेच जातो.

कंपनीचे ४२८ ठार, १,१३८ जखमी झाले, म्हणजे लढलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक. ९८ तोफा हाती लागल्या, पण पाठलाग करण्याचे त्राण सैन्यात उरले नव्हते. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी पोचला. पुढे अडगावची लढाई आणि गाविलगडचा किल्लाही मराठ्यांच्या हातून गेला; डिसेंबरात भोसल्यांनी देवगावचा, तर शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला.